पोटातला मोकळा प्लॉट

हे लिहायला मला डॉक्टर नाडकर्णींनी सांगितलं. त्यांच्याकडे माझ्यासारखाच एक पेशंट आला होता. उपचार ऐकून तो इतका घाबरला की न सांगता वॉर्डातून निघून गेला. बाई म्हणाल्या, "माझं ऐकत नाहीत. तुम्ही भोगलंय, तुमचं ऐकतील." म्हणून लिहितोय. विषय संडासाचा आहे. जेवताना वाचायची सवय असेल त्यांनी आधी जेवून घ्यावं.

माझा धंदा जुन्या दारा-खिडक्यांचा. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, जिथे जिथे बंगला पाडून बिल्डिंग उभी राहायची असते तिथे पहिली भिंत पडायच्या आधी मी पोचतो. सागवानी दारं, चौकटी, तुळया, पितळी कड्या उतरवून भांडुपच्या माझ्या वखारीत आणतो आणि विकतो. मढला शूटिंग असलं की सिनेमावाले दारं भाड्यानं नेतात. कोकणातून आलो तेव्हा माझ्याकडे एक पहार होती, तीही दुसऱ्याची. पुढचं सगळं मी जिभेवर उभं केलं. समोरचा एक भाव सांगतो, मी दुसरा सांगतो, आणि मग दोघांत ज्याला घाई असते तो हरतो. मला कधीच घाई नसायची.

खिळा

बोरिवलीला एका बंगल्याची तुळई उतरवताना गंजका खिळा चप्पल फोडून टाचेत घुसला. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं, तरी पाय सुजला आणि आत पू धरला.

धंद्यात माझा एक नियम आहे. मोठा माल घ्यायचा तर तीन ठिकाणी भाव काढायचा, आणि एकाला दुसऱ्याचं नाव कळू द्यायचं नाही. पायाचंही मी तेच केलं. एक आमच्या गल्लीतले डॉक्टर, दुसरे मुलुंडचे, तिसरे घाटकोपरचे, मोठ्या पाटीचे. तिघांनीही पाय पाहिला, तिघांनीही कॅप्सूल लिहून दिल्या, तिघांच्या कॅप्सूलचे रंग वेगळे. आणखी कुठे दाखवलंत का, असं एकानंही विचारलं नाही. हे मी आजही त्यांच्या तोंडावर सांगेन.

कॅप्सूल मी तिन्ही विकत घेतल्या आणि तिन्ही खाल्ल्या. विकत घेतलेला माल टाकून द्यायची आमच्यात पद्धत नाही. पाय आठवड्यात बरा झाला. मी वखारीत सगळ्यांना टाच दाखवत फिरत होतो. उरलेल्या कॅप्सूल बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या. पुढे मुलांना खोकला झाला तेव्हा त्यांतल्या दिल्या, बायकोचा घसा धरला तेव्हा तिला दिल्या. घरात औषध असताना डॉक्टरकडे कशाला जायचं, असा माझा हिशेब होता.

मग मला जुलाब सुरू झाले.

सुरुवातीला वाटलं, बाहेरचं काही बाधलं. डब्यातल्या दोन कॅप्सूल घेतल्या. वाढले. आणखी घेतल्या. आणखी वाढले. साधे जुलाब नव्हते ते. पोटात पिळा पडायचा, हिरवट पाणी जायचं, त्यात शेंबडासारखं काहीतरी, आणि वास असा की चाळीतल्या लोकांनी आमच्या बाजूच्या नळावर येणं सोडलं. चाळीचे संडास टोकाला. मी पॅसेजमधून टमरेल घेऊन धावतोय आणि पोरं रस्ता देतायत, हे दृश्य सगळ्यांनी पाहिलं. ज्या माणसानं आयुष्यभर समोरच्याला थांबवून ठेवलं, त्याला आता दोन मिनिटं थांबता येत नव्हतं.

डबा

ताप चढला, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची, तेव्हा बायकोनं, सुमननं, टॅक्सी आणून मला महापालिकेच्या हॉस्पिटलात नेलं. तिथेही मी एक सौदा केला. वॉर्डबॉय मला खिडकीजवळची खाट देत होता, हवेशीर. मी म्हटलं, हवा नको, संडासाला लागून असलेली दे. तिथे मढचे एक म्हातारे होते, पास्कलबाबा, हर्नियाचं ऑपरेशन झालेले. त्यांना मी खिडकी दिली आणि त्यांची जागा घेतली. दोघांनाही वाटलं आपण दुसऱ्याला फसवलं. चांगला सौदा असाच असतो.

डॉक्टर नाडकर्णी पन्नाशीच्या, बारीक आवाजाच्या बाई. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, गेल्या दोन महिन्यांत कुठली औषधं घेतलीत? मी गल्लीतल्या डॉक्टरांचं नाव सांगितलं आणि गप्प बसलो. सगळे पत्ते पहिल्याच बैठकीत उघडे करायची सवय मला नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

संध्याकाळी सुमन घरून आली ती पिशवीत डबा घेऊन. बाई राउंडला आल्या तशी तिनं झाकण उघडून डबा खाटेवर उपडा केला. लाल-काळ्या, पिवळ्या, निळ्या, सगळ्या कॅप्सूल चादरीवर घरंगळल्या.

"ह्यो बघा ह्यांचो खजिनो," ती म्हणाली. "तीन डाक्टरांचो आसा. एकाक दुसऱ्याचा म्हायती नाय."

माझं नाक तिथेच कापलं गेलं. मी तिच्यावर ओरडणार होतो, पण त्यासाठी पोट आवळावं लागतं आणि पोट माझं नव्हतं. बाईंनी एकेक कॅप्सूल उचलून पाहिली. रागावल्या नाहीत. उलट त्यांच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते मी धंद्यात पाहिलेलं आहे. रंग खरवडल्यावर खाली सागवान निघतं तेव्हा माणूस असा दिसतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खालून दुर्बीण घालून आतडं तपासलं. त्या प्रकाराबद्दल मी लिहिणार नाही. आत पिवळट चकत्या होत्या. बाई खाटेजवळ स्टूल ओढून बसल्या. हे विशेष, कारण त्या वॉर्डात डॉक्टर बसत नाहीत.

"तुमचा धंदा काय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितला.

"मग रिकाम्या प्लॉटचं काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको."

मी म्हटलं, "राखण नसेल तर आठ दिवसांत कोणीतरी पत्र्याची झोपडी ठोकतो. मग उठवून दाखवा."

"तुमच्या आतड्यात तसंच झालंय," बाई म्हणाल्या.

त्यांनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. आपल्या आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात आणि ते आपले शत्रू नाहीत. जुने भाडेकरूच म्हणा. ते जागा धरून असतात, अन्न संपवतात, त्यामुळे बाहेरून आलेल्या दांडग्याला पाय ठेवायला जागा मिळत नाही. शिवाय त्यांच्या वर्दळीमुळे आपल्या शरीराचे पहारेकरी जागे राहतात. परदेशात म्हणे प्राण्यांची पिल्लं अजिबात जंतू न लागू देता वाढवून पाहिली. वरून धडधाकट दिसायची, पण आतड्याची भिंत पातळ आणि पहारेकरी झोपलेले. साधा रोग आला तरी आडवी. मी तीन रंगांच्या कॅप्सूल खाऊन पायातला पू मारला, आणि त्याबरोबर माझी सगळी चाळ उठवली. प्लॉट मोकळा झाला. मग एक जंतू, जो कॅप्सूलनं मरत नाही, कवच पांघरून पडून राहतो, तो उठला आणि सगळी जागा बळकावून बसला. तो विष सोडतो. पिवळ्या चकत्या त्याच्या.

"आणि तुम्ही त्याला हाकलायला पुन्हा कॅप्सूलच खाल्ल्यात," बाई म्हणाल्या. "म्हणजे उरलेसुरले भाडेकरूही गेले."

येरझारा

सगळ्या कॅप्सूल बंद झाल्या. एका वेगळ्या गोळीवर ठेवलं. ती इतकी स्वस्त होती की माझा तिच्यावर विश्वास बसेना. तरी चार दिवसांत ताप उतरला, जुलाब थांबले, घरी सोडलं. मी वखारीत जाऊन बसलो. दोन आठवडे झाले नाहीत तोच पुन्हा सुरू. पुन्हा भरती, पुन्हा तीच गोळी, पुन्हा बरा, पुन्हा घरी. मग तिसऱ्यांदा. दर वेळी मी संडासालगतचीच खाट मागून घेतली, आणि पास्कलबाबा टाके चिघळल्यामुळे अजून खिडकीजवळच होते.

ज्यांच्या वाट्याला हे आलंय त्यांना मी सांगायला नको, पहिल्यांदा माणूस आजाराला भितो आणि नंतर बरं होण्याला भितो. पोट एक दिवस शांत राहिलं की मी झोपेतही त्याच्यावर कान ठेवून असायचो. जेवण समोर आलं की वाटायचं, ह्यातलं कोण फितूर होईल? सुमन पेज आणायची, वर मिठाचा खडा. तेवढं पोटात राहायचं. ते दोन वाडगे पेज मी कधी विसरणार नाही.

घराची वाट लागली होती. वखारीत माझ्याशिवाय भाव कोणी करत नव्हतं. माणसं यायची आणि परत जायची. सुमन सकाळी डबा, दुपारी वखार, संध्याकाळी हॉस्पिटल करत होती. मी तिच्यावर डाफरायचो, पेज गार आहे म्हणून, उशीर झाला म्हणून. एकदा तिनं वाडगा माझ्या हातात दिला आणि सांगितलं, आता तुम्ही खा, मी संडासात जाऊन रडून येते, तिथली जागा तुमच्यापेक्षा मला बरी वाटते. मग गेली आणि खरंच रडून आली.

तिसऱ्या खेपेला जुलाब कमी झाले आणि पोट फुगायला लागलं. मला वाटलं बरं झालं. बाईंचा चेहरा पाहून कळलं की नाही. त्यांनी सर्जनना बोलावलं. ते उंच, घाईतले गृहस्थ. त्यांनी पोटावर बोटं वाजवली, ढोलासारखा आवाज आला. ते बाईंशी इंग्रजीत बोलले. मला इंग्रजी येत नाही, पण भाव पाडून बोलणारा माणूस कुठल्याही भाषेत मला कळतो. मोठं आतडं फुटायच्या बेतात होतं. फुटायच्या आत कापून काढावं लागणार होतं, आणि या अशक्त अंगावर ते ऑपरेशन झेपेल याची खात्री दोघांनाही नव्हती. परदेशातून येणारं एक औषध होतं, ते अख्ख्या मुंबईत शोधलं. मिळालं नाही.

सर्जन म्हणाले, फार तर दोन दिवस वाट बघतो.

बाईंचा उपाय

ते गेल्यावर बाईंनी पुन्हा स्टूल ओढलं.

"एक उपाय आहे," त्या म्हणाल्या. "मी तो वाचलेला आहे. स्वतः कधी केलेला नाही, हे आधीच सांगते. पोट असं फुगलेलं असताना त्यात धोकाही आहे."

उपाय असा, की निरोगी माणसाचं ताजं शौच घ्यायचं, मिठाच्या पाण्यात कालवायचं, गाळायचं आणि एनिमानं हळूहळू माझ्या आतड्यात सोडायचं. म्हणजे दुसऱ्याची चाळ आणून माझ्या प्लॉटवर बसवायची. भाडेकरू परत आले की तो दांडगा आपोआप हटतो, आणि पहारेकरी जागे होतात.

मला आधी वाटलं त्या थट्टा करतायत. "तुम्ही मला दुसऱ्याची शी देणार?"

"हो," बाई म्हणाल्या. "गाळून."

मी आयुष्यात कोणाचं उष्टं खाल्लेलं नाही. मी त्यांना वाटेल ते बोललो. बोलून दमलो, तेव्हा त्यांनी विचारलं, ऑपरेशन की हे? मी विचारलं, तिसरं काही? त्या म्हणाल्या, नाही. जन्मात पहिल्यांदा मला कोणी दोनच भाव सांगितले आणि खाली यायला तयार नव्हतं.

मी म्हटलं, बरं. बायकोचं घ्या.

"बायकोनं कॅप्सूल घेतल्यात. तुम्हीच दिल्यात. मुलांनीही." त्यांनी डब्याचं नाव घेतलं नाही, घ्यायची गरज नव्हती. "गेल्या सहा महिन्यांत एकही कॅप्सूल न घेतलेला, धडधाकट, तुमच्यासारखंच घरचं जेवण जेवणारा कोणी आहे का?"

वखारीतली माणसं आठवली. सगळ्यांना मी डब्यातलं वाटलं होतं. दानशूर झालो होतो मी.

सुमन खाटेच्या पायथ्याशी उभी होती. ती म्हणाली, "सुरेश भावजी."

मी म्हटलं, "नाही."

पत्रिका

सुरेश माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. मी त्याला मुंबईत आणला. वखारीत दारांच्या थप्पीवर आम्ही दोघं झोपायचो. एकाच बल्बखाली मी खिळे उपटायचो आणि तो अभ्यास करायचा. कॉलेज केलं, बँकेत लागला, मुलुंडला राहायला गेला. गोळी म्हणून कधी घ्यायचा नाही. ताप आला की पांघरूण घेऊन पडायचा, दोन दिवसांनी उठायचा. तसाच हट्टी.

त्याचं लग्न ठरलं मीनलशी. तिचे वडील शाळामास्तर. बैठकीत मी मुलाकडचा कर्ता म्हणून बसलो. बैठक म्हणजे काय? दोन्हीकडून ताणायचं असतं. हॉल कोणी करायचा, आमची माणसं किती, मानपान काय, मी एकेक मुद्दा लावून धरला. मास्तर मध्येच उठले आणि म्हणाले, "आम्ही मुलगी देतोय, दार विकत नाही." मी म्हटलं, दार असतं तर आतापर्यंत सौदा झाला असता. सगळे हसले, मास्तर सोडून. सुरेशही हसला नाही.

पुढे पत्रिका छापली. ती मला सुरेशनं दिली नाही. गावच्या एका माणसानं वखारीत आणून दाखवली. निमंत्रक म्हणून आमच्या मामाचं नाव. मामा, ज्यानं सुरेशला एकदा चड्डी शिवली असेल तर शिवली. खाली 'आपले नम्र' मध्ये चुलते, आते, सगळे. माझं नाव कुठेच नाही. मी पत्रिका उलटी करून पाहिली. मागे छापखान्याचं नाव होतं.

मी लग्नाला गेलो नाही. चार वर्षं बोललो नाही. ती पत्रिका मी गल्ल्याच्या खणात ठेवली होती आणि खण रोज उघडत होतो. जे कोणी समजुतीचे चार शब्द सांगायला यायचे त्यांना मी ती दाखवायचो आणि विचारायचो, माझं नाव शोधून द्या.

तर सुमननं त्या सुरेशचं नाव घेतलं. मी नाही म्हटल्यावर बाई निघून गेल्या. सुमन जवळ आली. ती माझ्याशी मोठ्यानं फार कमी बोलते.

"तुमका जगाक व्हया, काय ती पत्रिका वाचत मराक व्हया?" ती म्हणाली. "सांगा. म्हणजे मी वखारीचा तसा बघतंय."

मी भिंतीकडे तोंड केलं.

"मी निरोप धाडलंय," ती म्हणाली. "तुमका इचारूक नाय."

दाराबाहेर

सुरेश त्याच संध्याकाळी आला. मी डोळे मिटून पडलो. तो पायथ्याशी उभा राहिला, बाईंशी बोलला, रक्त दिलं, तपासायला जे द्यायचं ते दिलं. कावीळ नाही, जंत नाहीत, आव नाही, असं दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. माझं पोट तोवर आणखी ताठ झालं होतं, श्वास वरच्या वर लागत होता. सर्जननी सांगितलं, उद्या सकाळी दहापर्यंत. मग मी टेबलावर घेणार.

सकाळी सुरेश लवकर आला. बाईंनी त्याला स्वच्छ भांडं दिलं आणि तो संडासात गेला.

आणि बाहेर येईना.

मी खाटेवर, भिंतीच्या अलीकडे. पलीकडे तो. बाई घड्याळ बघतायत, सिस्टर मिठाचं पाणी कोमट करून उभी. माझ्या पोटातून महिनाभर नदी वाहिली होती आणि आता माझा जीव भावाच्या एका शौचावर अडला होता. सुरेश दोनदा रिकामं भांडं घेऊन बाहेर आला. कानापर्यंत लाल झालेला. सुमननं गरम चहा पाजला. पास्कलबाबांनी खिडकीजवळून बिडी दाखवली. तो बिडी ओढत नाही. तसे बाबा म्हणाले, "काय रे पोरा, अख्खा वॉर्ड थांबलाय तुझ्यासाठी. गव्हर्नरसाठी पण असा थांबत नाय."

वॉर्ड हसला. सुरेश पुन्हा आत गेला. मला ठाऊक होतं, आता तर होणारच नाही.

कारण मला माहीत होतं तो कसा आहे ते. गावाला तो लहानपणी माडांच्या पलीकडे बसायला जायचा. डुकरं यायची, त्यांना तो भ्यायचा. मी काठी घेऊन उभा राहिलो तरच व्हायची त्याला. दर थोड्या वेळानं हाक मारून खात्री करायचा, दादा आहेस ना? मी म्हणायचो, आहे. कितीदा तरी मला शाळेला उशीर झाला आहे त्याच्यापायी.

मी सुमनला म्हटलं, मला उठव. ती नको म्हणाली. सिस्टर धावली. मी म्हटलं, त्या खाटेसाठी मी सौदा केलाय, तीन पावलांवर संडास आहे, मला तिथवर जाऊ द्या. सुमननं एका हातानं सलाईनची बाटली धरली, दुसऱ्या हातानं मला. दाराशी पोचलो. हलकं प्लायवूडचं दार होतं, बिजागरी खिळखिळी झालेली. मी त्याला पाठ लावून उभा राहिलो, म्हणजे टेकलो.

आत काही आवाज नव्हता.

मी म्हटलं, "सुरेश, मी आहे इथं. बस."

मग आतून, बारीक आवाजात, "आहेस ना?"

"आहे."

पत्रिकेचं मी तेव्हाच विचारणार होतो. खरं सांगतो, वाक्य तोंडात होतं. माणूस अडलेला असतो तेव्हाच त्याला विचारायचं असतं, हा धंद्याचा नियम. पण अडलेला मीही होतो. ते वाक्य मी गिळलं.

थोड्या वेळानं दार आतून हललं. मी बाजूला झालो. सुरेश भांडं दोन्ही हातांत धरून बाहेर आला, देव्हाऱ्यातला तांब्या धरावा तसं. पास्कलबाबांनी छातीवर क्रॉस केला.

नंतर

एनिमाबद्दल एवढंच सांगतो, की वाटतं तितकं वाईट नसतं. कोमट पाणी आत गेल्यासारखं वाटतं. बाईंनी अगदी थोडं थोडं सोडलं, मध्ये थांबत, माझ्या पोटावर हात ठेवून. मग मला एका कुशीवर आणि खाटेचा पायथा विटांवर चढवून झोपवलं. आत ठेवायचं होतं. सर्जन दहाला आले, बाईंनी त्यांना संध्याकाळपर्यंत थांबायला सांगितलं. ते नाक मुरडून गेले. संध्याकाळी पोटावर बोटं वाजवली आणि ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर टाकलं.

दुसऱ्या दिवशी पोट मऊ होतं. त्याच दुपारी एनिमा पुन्हा दिला. चौथ्या दिवशी मी संडासाला गेलो आणि खाली पाहिलं, आणि सुमनला हाक मारली. तिला वाटलं रक्त पडलं. ती धावत आली. मी बोट दाखवलं. बांधलेलं होतं. साधं, सगळ्यांना होतं तसं. नवरा-बायको आम्ही त्या संडासात उभे राहून बघत होतो.

घरी सोडताना बाईंनी बजावलं. गरज नसताना कॅप्सूल नाही. डॉक्टर एकच, आणि त्याच्यापासून काही लपवायचं नाही. हे तुम्हालाही सांगतो: माल घेताना तीन भाव काढा, अंगाला औषध घेताना नको. आणि म्हणाल्या, हा आजार पुन्हा उलटू शकतो. तसं झालं तर भावाची पुन्हा गरज लागेल.

ते मी पक्कं ध्यानात ठेवलं. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवरच सुरेशला सांगितलं, तुझं पोट आता माझी वखार आहे. मला विचारल्याशिवाय एक गोळी घ्यायची नाहीस. तो बरं म्हणाला. पत्रिकेचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही. रविवारी यायचा, जेवायचा, जायचा. माझं पोट शांत होतं.

पावसाळ्यानंतर एका सकाळी वखारीच्या फाटकात मीनल उभी. ती याआधी कधी माझ्या वखारीत आली नव्हती. दारांच्या थप्प्यांमधून वाट काढत आली आणि उभ्याउभ्याच बोलली.

"दादा, ते औषध घेत नाहीत. विषमज्वर आहे. आठ दिवस झाले. डॉक्टर ओरडून गेले, बाबा ओरडले, मी पाया पडले. म्हणतात, दादाला परत लागलं तर?"

मी वखार उघडी टाकून निघालो.

सुरेश खाटेवर पडला होता, डोळे खोल गेलेले, ओठ फुटलेले. खोलीत खुर्चीवर मास्तर बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. टेबलावरचं पाकीट उचललं, उलटसुलट केलं.

"डॉक्टर एकच आहे ना?" मी मीनलला विचारलं.

"एकच."

"तपासणी करून दिलंय?"

"रक्ताची केली."

मी कॅप्सूल काढून सुरेशसमोर धरली. "घे."

तो म्हणाला, "आणि तुझं काय?"

"माझं मी बघतो."

"दादा, निम्मा कोर्स घेतो. ताप उतरला की बंद करतो. म्हणजे सगळं नाही जाणार."

माझ्या हाताखाली वाढला, पण आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्याशी भाव करत होता, तोही माझ्याच बाजूनं. मी म्हटलं, "ह्यात भाव नसतो. पूर्ण घ्यायचा. उघड तोंड."

त्यानं तोंड उघडलं. तेव्हा लक्षात आलं, पाणी नाही. मी मान न वळवता खुर्चीकडे हात केला आणि म्हणालो, "मास्तर, पाणी द्या."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पेला माझ्या हातात आला.

ती पत्रिका अजून गल्ल्याच्या खणात आहे आणि मी ती विसरलेलो नाही. पण सुरेशनं त्या दिवशी दोन घोट पाणी प्यायलं आणि जीभ बाहेर काढून मला दाखवली, लहानपणी कडू काढा प्यायल्यावर दाखवायचा तशी. गिळली होती.